उचलून ठेवलेला तांब्या

प्रिय अक्का,

अक्षर बघून पत्र कुणाचं ते तू ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड. खरं तर सांगायचं ते दोन ओळींचं आहे. पण माझ्याकडून आलेल्या दोन ओळी तुला शापासारख्या वाटतील हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. एका लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढं आत्ताच सांगून ठेवते. माझं लेकरू नव्हे. माझं बरं आहे, आणि त्याची काळजी तुला कधी नव्हतीही. कागद ईश्वरीच्या चित्रकलेच्या वहीतले आहेत. प्रत्येक पानामागं तिनं काढलेले बैल आहेत, त्यातल्या एकाला पाच पाय आहेत. माझ्याकडं बघू नकोस, पण त्या बैलांकडं बघून तरी हे चुलीत घालू नकोस.

वर 'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून नाही. सात वर्षं तुझ्यावर राग धरून बघितला. कामाच्या गडबडीत तो बरा टिकतो, पण कागद पुढं घेतला की हात आपोआप तेच लिहितो. त्याला मी काय करू?

मला नाव तू दिलंस, हे तू विसरली असशील. तुझ्या पाठीवर मी झाले, पुन्हा मुलगीच, म्हणून आजीनं माझं नाव नकोशी ठेवलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. मुलगा काही झाला नाही, नाव तेवढं मला चिकटलं. पिंपळीच्या शाळेत मला घालायचं होतं त्या दिवशी तात्या उसाला पाणी धरायला गेलेले आणि आई खुरपायला, म्हणून तूच माझा हात धरून घेऊन गेलीस. चौथीत होतीस तू. दोन वेण्या, नाकात शेंबूड, आणि आवाज मात्र सरपंचाचा. गुरुजींनी नाव विचारलं तर ठोकून दिलंस, "स्वरूपा. घरी येगळ्या नावानं हाक मारत्यात, पर तुमी मारू नका." घरी आल्यावर मार तुला बसला. हे नाव कुठून काढलंस म्हणून मी पुढं कितीदा तरी विचारलं, तेव्हा एकदा हसत कबूल केलंस की ऊस वाहणाऱ्या एका ट्रॉलीच्या मागं ते रंगवलेलं होतं. ट्रॉलीमागचं का असेना, आज माझ्या आधार कार्डावर तेच आहे.

आणखी एक गोष्ट तुला आठवत असेल, नसली तर आठव. शाळेत जायला लागले तरी मी गादी ओली करायचे. आईनं उपाय केला तो आपल्याकडं सगळ्याच आया करतात. दिवे लागले की माझं पाणी बंद. पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलून वरच्या फळीवर ठेवायची, म्हणजे माझा हात पोचू नये. मी रडून रडून झोपायचे. मग तू परकराच्या ओच्यात वाटी लपवून आणायचीस आणि गोठ्याच्या आडोशाला मला पाजायचीस. "पी, पर सांगू नगंस," म्हणायचीस. सकाळी माझी गोधडी ओली निघाली की आपल्याखालची कोरडी मला द्यायचीस आणि बोलणी आपण खायचीस. ही गोष्ट जरा लक्षात ठेव. मला ती पुढं लागणार आहे.

मग लग्न होऊन तू कळसला गेलीस, मी पणदऱ्याला आले. आमच्या ह्यांचं गुऱ्हाळ, त्यामुळं मी माप ओलांडलं ते गुळाच्या घरात. "गुळाच्या घरात पडलीस, पर तुजं तोंड काय गोड हुईना," असं तू चिडवायचीस. माझी कूस उजवत नव्हती त्या वर्षांतही चिडवायचीस, आणि तेव्हा त्यात काटा नव्हता. तुझी छकुली झाली तेव्हा तिला पहिली आंघोळ घालायला मी होते. तिच्या कानाची पाळी तुझ्यासारखी चिकटलेली आहे हे मीच आधी बघितलं. तिला माझी म्हणायचा हक्क मला नाही, पण तुला दुपारी झोप लागावी म्हणून मी तिला घेऊन शेताच्या बांधावर हिंडायचे, तेव्हा मनातल्या मनात मी तो हक्क घेतलेला होता. त्याची शिक्षा झाली असं तू म्हणशील. म्हण.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडं आली ती शेवटची. सहा वर्षांची होती. वाळली होती, गालाची हाडं वर आलेली. मला वाटलं, पोर उंच व्हायला लागली की अशीच वाळते. गुऱ्हाळ नुकतं पेटलं होतं. ती सारखी तहान-तहान करायची, म्हणून मी घाण्याखालचा ताजा रस ग्लास भरून द्यायचे. ती एका दमात प्यायची आणि पुन्हा ग्लास पुढं करायची. काकवीत पोळी बुडवून खायची, कढईच्या कडेचा गरम गूळ मागायची. पोर मागतेय आणि मी देतेय, ह्यात मला केवढं सुख होतं ते तुला कसं सांगू! परत पाठवताना मी तिला नवा फ्रॉक घातला, तो खांद्यावरनं उतरत होता. तुझ्याकडं पोचल्यावर दोन दिवसांत ती ओकायला लागली, धापा टाकायला लागली. इंदापूरच्या दवाखान्यात न्यायच्या आधी तुम्ही तिला देवऋष्याकडं नेलंत. त्यानं लिंबू कापलं आणि सांगितलं, वांझेची नजर आहे, गोडातनं लागलीय. इंदापूर येईतो ती रस्त्यातच गेली.

छकुलीच्या मातीला मी आले तेव्हा तू मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. सगळा गाव उभा होता. माझ्या अंगावर तो फ्रॉक फेकलास आणि म्हणालीस, "नकोशी, खाल्लंस माज्या लेकराला." बाकी काय काय बोललीस ते मी विसरले, अगदी खरंच विसरले. पण ते नाव तू पुन्हा उच्चारलंस ते विसरता आलं नाही. ज्या तोंडानं माझं ते नाव पुसलं त्याच तोंडानं ते परत लिहिलंस. मी फ्रॉक उचलून घडी केली आणि एसटीनं परत आले.

पुढच्या वर्षी मला ईश्वरी झाली आणि त्याच वर्षी तुला यशराज. दोघी बहिणी एकाच वर्षी बाळंतीण, आणि आई बिचारी एक महिना कळसला, एक महिना पणदऱ्याला. दोन्हीकडं जायची आणि एकीचं दुसरीला सांगायची नाही. पण लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "एक खाल्लं तवा एक झालं," असं तुमच्याकडचे लोक बोलतात हे आमच्या ऊसतोड टोळीतल्या बायकांनाही ठाऊक होतं. मी ईश्वरीला पाजायला बसले की तोंड भिंतीकडं करून बसायचे. माझीच नजर मला लागेल अशी भीती माझ्या मनात बसली होती. हे वाचून तुला बरं वाटलं तर वाटू दे.

आता मागच्या हंगामाचं सांगते. ईश्वरी वाळायला लागली. तहान-तहान करायला लागली. आणि केव्हाच सुटलेली सवय तिला पुन्हा लागली, गादी ओली व्हायला लागली. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात ती लघवीला बसायची तिथं मुंग्यांची रांग लागायची, काळी, जाड. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर कुणीतरी चपापलं असतं. पण गुऱ्हाळाच्या घरात मुंग्यांचं काय नवल! आमच्या उशीत मुंग्या, आमच्या चपलेत मुंग्या. गूळ म्हटलं की मुंगळे आलेच. मी त्या रांगेवर राख टाकली आणि कामाला लागले. पोर अशक्त झाली म्हणून रोज रस दिला. सासूबाईंनी वर काकवी चाटवली. सगळ्या घरानं मिळून तिला प्रेमानं मारायला घेतलं होतं, अक्का, आणि आम्ही एकमेकांना सांगत होतो की पोरीनं आता बाळसं धरायला पाहिजे.

एका सकाळी ती उठेना. पोट दुखतं म्हणाली, ओकली. गावातल्या डॉक्टरनं पित्त सांगितलं आणि अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. ती बाटली थेंब थेंब तिच्या अंगात जात होती आणि मी शेजारी बसून थेंब बघत होते, की आता तरतरी येईल. ती आणखीच ढेपाळली. डोळे खोल गेले आणि श्वास असा घ्यायला लागली की जणू नुकतीच शेताला दहा फेऱ्या मारून आलीय. तिच्या तोंडाला वास येत होता, आंबलेल्या रसाचा. तोही आमच्या घरात रोजचाच वास. पण तो श्वास मी ओळखत नव्हते, आणि तरी कुणीतरी मला त्याच्याबद्दल आधी सांगितलं होतं. आई. छकुलीच्या शेवटच्या दिवसाचं सांगताना आई म्हणाली होती, "लोहाराच्या भात्यावानी श्वास घेत हुती पोर." मी ती सुई स्वतः उपसली, पोरीला उचललं आणि ह्यांना ओरडले. घाण्यात ऊस तसाच सोडून हे गाडी घेऊन आले.

बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी ईश्वरीच्या तोंडाजवळ वाकून नुसता वास घेतला आणि नर्सला हाक मारली. बोटाला टोचून थेंब यंत्रावर घेतला, तर आकडाच उमटेना, यंत्राला मोजता येईल त्याच्या वर साखर होती. मग तिला आत नेलं आणि दार लावलं. बाहेर मी आणि मागनं एसटीनं आलेली आई. थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या आणि एकेक विचारायला लागल्या. तहान? हो. गादी ओली? हो. वाळली? हो. मुंग्या लागत होत्या का? त्या एका प्रश्नाला मी त्यांचा हातच धरला. त्यांनी समजावून सांगितलं की हा मधुमेह आहे, लहान पोरांनाही होतो. अंगात इन्सुलिनच तयार होत नाही, मग साखर रक्तातच साचते, आणि शरीर तिला लघवीवाटे बाहेर फेकायला बघतं, म्हणून लघवी, म्हणून तहान. गोड खाऊन हा होत नाही, आणि कुणाच्या नजरेनंही होत नाही. शेवटचं वाक्य त्या का बोलल्या कोण जाणे, रोज ऐकून ऐकून सवयच झाली असेल. मग त्यांनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला? आई पुढं होऊन म्हणाली, "न्हाय, कुणाला न्हाय." इतक्या घाईनं म्हणाली की मी वळून तिच्याकडं बघितलं. ती खाली फरशीकडं बघत होती. तेव्हा मला कळलं की जे मला कळलंय ते तिलाही कळलंय.

माझी पोर आत मरणाच्या दारात होती आणि मी डॉक्टरांना दुसऱ्याच पोरीबद्दल विचारत होते. मी विचारलं, अशा पोरीला रस पाजला तर? त्या म्हणाल्या, साखर वाढणारच, पण रस पाजला नाही तरी इंजेक्शनशिवाय असं पोर वाचत नाही. मी विचारलं, आणि अशा पोरीचं पाणी बंद केलं तर? त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही बंद केलं होतं का?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, पाण्यानंही ती वाचली नसती, पण तहान हीच त्या शरीराची धडपड असते, पाणी तोडलं तर पोर आतल्या आत सुकत जाते आणि हाल होऊन जाते. हे त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांना काय माहीत त्या कुणाबद्दल बोलत होत्या.

आता ते लिहिते जे दवाखान्यातल्या त्या दिवसापर्यंत मी आईलाही सांगितलं नव्हतं. सुट्टीत आली तेव्हा छकुली पहिल्याच दिवशी आमच्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपला तोंड लावून प्याली, मग मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मावशी, हितं पाणी पिलं तर मारत न्हाईत ना?" मी हसले. कोण मारतं ग, म्हणाले. तर म्हणाली, "सांजच्याला आई तांब्या वर ठिवती. मग मी कोंबड्यांच्या भांड्यातलं पिते. तू सांगू नगंस." मी नाही सांगितलं, अक्का. मला वाटलं, आपल्या आईनं केलं तेच तू करतेयस, त्यात काय एवढं. गादी रोज धुवावी लागत असेल, सासू बोलत असेल, शाळेत जाणारी पोर असं करते म्हणून तू वैतागली असशील. तू वाईट आई नव्हतीस. पण तुझी पोर सुट्टीआधी कित्येक दिवस कोंबड्यांचं पाणी पिऊन राहिली आणि माझ्याकडं आली तेव्हा आठवडाभर पोटभर प्याली. तू पाणी दिलं असतंस तरी ती गेलीच असती. पण तहानलेली गेली नसती.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय असं मी म्हणणार नाही. थोडं बरंही वाटतंय. सात वर्षं पोर खाल्लेली बाई म्हणून मी लग्नात मागच्या रांगेत बसले, लोकांच्या बाळाला हात लावताना हात मागं घेतला. त्यातलं थोडं आज तुझ्या ताटात वाढतेय. ईश्वरी आत पडली होती तेव्हा तू फोनवर आईजवळ काय म्हणालीस तेही आईच्या तोंडून निसटलं. "केल्यालं फेडावं लागतंय." माझी पोर नळ्यांत गुंडाळलेली आणि तू हे म्हणालीस. त्याच दिवशी मी हे सगळं तुला फोनवर ओरडून सांगणार होते, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलेला. ह्यांच्या फोनवरनं लावायला गेले तर आईनं माझा हात धरला. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तिला कोंबड्यांच्या भांड्याचं सांगितलं, तेव्हा ती मला म्हणाली, "तिला सांगू नगंस. तिनं पाणी तोडलं ह्ये तिला कळलं तर ती जगायची न्हाय. तुजं काय, तू सोसलंस, आनी सोसशील." बघ आपली आई. नकोशी सोसतेच, तिला सवय आहे. मी तिच्यापुढं शपथ घेतली आणि सोसलं. ईश्वरी घरी आली. आता तिला रोज सुया टोचाव्या लागतात, जन्मभर टोचाव्या लागतील, आणि ती स्वतःच्या बोटाचं रक्त स्वतः काढते आणि आकडा वाचून मला सांगते. रस मागत नाही. गुऱ्हाळावर जाते आणि नुसती बघते. हे रोज बघूनही मी तुला काही कळवलं नाही. आयुष्यभर कळवणार नव्हते.

मग आज सकाळी आईचा फोन आला. ती तुझ्याकडं राहायला आलीय ते मला ठाऊक होतं. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग अगदी सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "यशा पुन्यांदा गादी भिजवाय लागलाय. वाळलाय बी. अक्का लई कावलीया, सांजच्याला तांब्या उचलून ठिवती." जिनं मला शपथ घ्यायला लावली तिनंच ती मोडली, फोनवर, एक शब्दही जास्त न बोलता. हे, मी आणि ईश्वरी लगेच निघालो. तुझ्या दारात आले तर तू माझ्या हातातली साखर मोजायच्या यंत्राची डबी बघितलीस आणि म्हणालीस, "आता ह्याच्यावर टपलीस व्हय?" आणि दार लावलंस. दार लागायच्या आधी मी यशाला बघितलं. त्याची चड्डी सुतळीनं बांधलेली होती. तो माझ्याकडं बघत नव्हता, मागं उभ्या असलेल्या आपल्या आईकडंही नाही. ईश्वरीच्या गळ्यात पाण्याची बाटली होती, तो तिच्याकडं बघत होता.

तर मी तुमच्या गावातच आहे, दूध डेअरीसमोर चिंचेखाली, गाडीत. तेव्हापासून हे लिहितेय आणि आई खिडकीशी उभी राहून कधी होतंय म्हणून विचारतेय. तीच हे आणून देईल, आणि सोबत ती डबीही देईल. ती फेकू नकोस. यशाच्या बोटाचा एक थेंब, बस. तो घाबरला तर ईश्वरीला आत घे, मला नको घेऊस. ती आधी आपलं बोट टोचून त्याला दाखवेल, तिला येतं, ती रडत नाही. आकडा बरा आला तर मी खोटी. मग भर गावात मला नकोशी म्हण, मी मान खाली घालून ऐकेन, आणि देवाशपथ, आज मला खोटंच ठरायचंय. आकडा वाईट आला तर ह्यांनी गाडी बारामतीच्या तोंडानं उभी केलीय, त्याला घेऊन बस. तू पुढं बस, मी मागं बसते, एक अक्षर बोलणार नाही. छकुलीच्या वेळी आपल्याला ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक आहे, ह्या कागदापासून पुढं तुझी कुठलीच सबब चालणार नाही, म्हणूनच एवढं सगळं लिहिलं. पण हे सगळं नंतर. आधी उठ आणि फळीवरचा तांब्या खाली काढ. यशाला पाणी दे, अक्का, हवं तेवढं पिऊ दे. मला दिलं होतंस ना गोठ्याच्या आडोशाला, तसं, फक्त लपवून नको.

तुझीच, आणि तूच ठेवलेल्या नावाची,
स्वरूपा